डेडलिफ्ट १२० झाली की मग?

ताई,
मी २७ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरात राहते, अंबडच्या एका कंपनीत स्टोअर्स बघते. दीड वर्ष झालं, जिमला नेमाने जाते. खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट ८०, बाकावर पडून बेंच साडेबेचाळीस, जमिनीवरून डेडलिफ्ट १०० किलो. पाच आठवड्यांनी आपल्याकडे नवोदितांसाठी पॉवरलिफ्टिंगची, म्हणजे या तिन्हींची, जिल्हा स्पर्धा आहे. माझं वजन ६४.६ आहे. ट्रेनर म्हणतो, वजन उतरव आणि ६३ च्या गटात खेळ, पदक नक्की. आई म्हणते, जड उचललं की गर्भपिशवी खाली सरकते, लग्नाआधी हे उद्योग कशाला. त्यात तो अंगाला घट्ट बसणारा सिंगलेट घालून चारचौघांत उभं राहायचं म्हणजे घरात अजून एक विषय. मला वाटतं डेडलिफ्ट १२० झाली की पुढच्या वर्षी जावं. आत्ता गेले तर हसं होईल का?
— एक वाचक, इंदिरानगर

अगं, आधी फॉर्म भर. मग पुढचं वाच.

'इतके झाले की जाईन' हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता त्यातला आकडा माझ्या कानात शिरतच नाही. शंभरवालीला एकशेवीस हवे असतात, एकशेवीसवालीला दीडशे. तोवर कुणाची बदली होते, कुणाच्या पाठीत उसण भरते, कुणाची जिमची मेंबरशिप संपते ती संपतेच. नवोदितांच्या जिल्हा स्पर्धेला अमुक किलो उचललेच पाहिजेत अशी अट सहसा नसते. नियमाने बारवर कमीत कमी २५ किलो लागतात: २० चा बार आणि प्लेटा घट्ट धरणाऱ्या अडीच-अडीच किलोच्या दोन कॉलर. बस, तिथून पुढे तुझी मर्जी.

तुझ्या पत्रात तीन आकडे आहेत, वजन आहे, ट्रेनर आहे, आई आहे. रेफरी मात्र कुठेच नाही. मला काळजी वाटली ती त्याची.

माझं सांगते. पंचवटीतल्या एका तालमीत सकाळी तासभर आम्हा मुलींना वेळ दिलेली असायची. बेंचला मी ४५ किलो हसत मारायचे, पाच-पाच वेळा. पहिल्याच स्पर्धेत तेच ४५ लावले. बार छातीला टेकला आणि सवयीने मी वर ढकलला. हात सरळ झाले, बार रॅकवर गेला, मी खुशीत उठून बसले, तर समोर तीन लाल दिवे, म्हणजे तिन्ही रेफरींनी फेल ठरवलेलं. मला आधी वाटलं, वायरिंग बिघडलं असेल. छातीवर बार पूर्ण थांबला की मुख्य रेफरी 'प्रेस' म्हणतो आणि मगच ढकलायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी थांबले. इतकी थांबले की 'प्रेस' आल्यावर घाबरून अख्खं अंग ताणलं आणि बूड बाकावरून उचललं गेलं. परत लाल. तिसऱ्या वेळी थांबले, ढकलला, बूड जागेवर, हात सरळ. इतका आनंद झाला की 'रॅक' हा शब्द यायच्या आधीच मी बार खणकन ठेवून दिला. ती खणखण मला अजून ऐकू येते.

तिन्ही प्रकारांत तीनपैकी निदान एकेक अटेम्प्ट पास झाल्याशिवाय टोटल, म्हणजे तिन्हींची बेरीज, धरत नाहीत. त्यामुळे माझी टोटलच झाली नाही. लिफ्टर लोक याला 'बॉम्ब आऊट' म्हणतात. तेव्हा हा शब्दही मला माहीत नव्हता. जे वजन तालमीत गप्पा मारत उचलायचे, त्या वजनाने मला घरी पाठवलं. ताकद तेवढीच होती गं, कान नव्हते.

म्हणून पुढचे पाच आठवडे डेडलिफ्ट वाढवण्याच्या मागे लागू नकोस. पाच आठवड्यांत ती काही १२० होत नाही. कान तयार कर. हुकूम मोजून सहा आहेत. स्क्वॉटला बार खांद्यावर घेऊन गुडघे सरळ करून स्थिर उभी राहा; 'स्क्वॉट' म्हटल्यावर खाली, वर येऊन पुन्हा स्थिर, 'रॅक' म्हटल्यावर ठेवायचा. बेंचला तीन: 'स्टार्ट', 'प्रेस', 'रॅक'. डेडलिफ्टला एकच, 'डाऊन', आणि तोही सरळ उभं राहून खांदे मागे गेल्यावर. 'डाऊन'नंतर बार सोडून द्यायचा नाही, दोन्ही हातांनी धरून खाली न्यायचा. शंभर किलो वर नेऊन शेवटच्या फुटात हात सोडले म्हणून लाल दिवा खाल्लेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांचे चेहरेही.

जिममधल्या एखाद्या मैत्रिणीला रेफरी कर. तिला एकच सांग, कंजूषपणा कर. कधी 'प्रेस' लगेच दे, कधी बार छातीवर ठेवून दोन सेकंद छतावरचा पंखा बघ, मग दे. शिव्या घालशील तिला. घाल. वॉर्मअपच्या रिकाम्या बारपासून शेवटच्या सेटपर्यंत एकदाही बार हुकुमाशिवाय उचलायचा नाही. मला खात्री आहे, पहिल्याच आठवड्यात कळेल की तुझी साडेबेचाळीसची बेंच थांबून मारली तर चाळीसच आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांची तशीच असते. आणि पाय जमिनीला पूर्ण टेकत नसतील तर स्पर्धेत पायाखाली ठोकळे मागता येतात. मागायला लाजू नकोस, टाच उचलली गेली तर तो लालच.

आता स्क्वॉटची खोली. पत्रासोबत तू व्हिडिओ पाठवलास, छान आहे, पण समोरून काढलाय. समोरून सगळ्यांचाच स्क्वॉट खोल दिसतो. नियम असा आहे की खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेला पाहिजे. बाजूचे दोन रेफरी खुर्चीत बसून नेमकं तेच बघत असतात. तेव्हा फोन बाजूला ठेव, तुझ्या बसलेल्या कमरेच्या उंचीला, एखाद्या बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकवून. उभ्या माणसाने वरून काढलेला व्हिडिओ खोटं बोलतो. तुझी ८० ची स्क्वॉट त्या कोनातून ७५ ची निघाली तर ७५ धरून चाल.

एक विषय मात्र तुझ्या ट्रेनरच्याही डोक्यात नसणार: तुमच्या जिममधला बार किती किलोचा आहे? 'वीसचाच असतो' हे उत्तर मला नको. आमच्या तालमीतला बार एकदा आम्ही दोघी-तिघी पंचवटीत बाजार समितीत घेऊन गेलो आणि कांद्याच्या काट्यावर ठेवला. हमाल हसून हसून बेजार. काटा दाखवत होता १७ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे वर्षभर आम्ही सगळ्याजणी पावणेतीन किलो फुकट मिरवत होतो. तू काही बाजार समितीत जाऊ नकोस. घरच्या वजनकाट्यावर आधी एकटी उभी राहा, मग बार घेऊन, आणि वजाबाकी कर. प्लेटांचंही तेच, दहाच्या म्हणून विकलेल्या लोखंडी प्लेटा नऊच्या घरात निघतात. शिवाय जिममधल्या स्प्रिंगच्या क्लिपांना वजन नसल्यात जमा, स्पर्धेच्या दोन कॉलर मात्र मिळून पाच किलोच्या असतात. हे धरलं नाहीस तर स्टेजवर बार 'आज जड का लागतोय' असं वाटत राहील, आणि वाटणं बरोबर असेल.

मग पहिला अटेम्प्ट किती लावायचा? लिफ्टर लोक त्याला ओपनर म्हणतात. आदल्या रात्री झोप झाली नाही, पोटात गोळा आलाय, समोर अनोळखी माणसं बसलीत, तरी तीन वेळा उचलू शकशील तेवढा. तुझ्यासाठी मी ७०, ३५ आणि ८५ लिहीन. बारवरचं वजन पुढच्या अटेम्प्टला वाढवता येतं किंवा तेवढंच ठेवता येतं, कमी करता येत नाही. म्हणून जड ओपनर लावून अडकलेला माणूस तिथेच तीनदा अडकतो. ७० म्हणजे बार-कॉलर मिळून २५, आणि प्रत्येक बाजूला एक निळी वीसची, एक काळी अडीचची. ३५ ची बेंच तर बघायला गंमतच, दोन बाजूंना पाचची एकेक पांढरी प्लेट. तुला वाटेल, एवढ्यासाठी का मी आले! वाटू दे. तीन पांढरे दिवे लागले की दुसऱ्यांदा बारकडे जाणारी तू वेगळी असशील. पुढे ७५ आणि ८०, साडेसदतीस आणि ४०, साडेब्याण्णव आणि १००. सगळं जमलं तर टोटल २२०. नुसते तिन्ही ओपनर पास झाले तरी १९० कागदावर आले, आणि ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

अटेम्प्ट झाला की एका मिनिटात टेबलापाशी पुढचा आकडा द्यायचा असतो. विसरलीस तर पास झाल्यावर आपोआप अडीच किलो वाढतात, फेल झाल्यावर तेच वजन परत येतं. हे काम स्वतः करू नकोस. धाप लागलेल्या माणसाला बेरीज येत नाही. भाऊ, मैत्रीण, कुणीही चालेल, फक्त तुझा कागद खिशात घेऊन टेबलाजवळ उभं राहणारं हवं.

वजन उतरवायचं तर मुळीच नाही. तुझा ट्रेनर हुशार असेल, पण त्याला जिमच्या भिंतीवर लावायला फोटो हवाय. ६३ च्या वर पुढचा गट ६९ चा आहे, तू ६४.६ ची, खा-पी आणि त्यात खेळ. दीड किलोसाठी दोन दिवस पाणी तोडायचं, अंगात स्वेटर घालून ट्रेडमिलवर पळायचं आणि मग थरथरत्या हातांनी आयुष्यातली पहिली स्पर्धा खेळायची, कशासाठी? त्यात त्या आठवड्यात पाळी आली तर नुसत्या पाण्याने वजन किलोभर वर जातं आणि सगळं गणित फसतं. अनुभवी लिफ्टर हे करतात, त्यांना आपलं शरीर कसं वागतं हे ठाऊक असतं. पदकाचंही खरं सांगून टाकते, जिल्हा पातळीवर मुलींच्या एकेका गटात कधीकधी तिघीच असतात. ६९ मध्येही तुला पदक मिळेल कदाचित. घे, घरी लाव, पण त्यावरून स्वतःला मोठी समजू नकोस आणि नाही मिळालं तर छोटीही.

आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या आया-आज्यांनी बाळंतपणानंतर चार दिवसांत पाण्याच्या कळश्या उचलल्या, पोटभर विश्रांती मिळाली नाही, आणि अंग बाहेर येण्याचा त्रास अनेकींनी मुकाट्याने सोसला. आईने ते जवळून बघितलं असणार. पण त्या त्रासामागे मुख्यतः बाळंतपणं असतात, वाढतं वय, जुनाट खोकला, सततची बद्धकोष्ठता. निरोगी बाईने हळूहळू वजन वाढवत, श्वास सांभाळत केलेल्या व्यायामाने गर्भपिशवी जागची सुटते असं नाही. उलट हाडं आणि स्नायू दोन्ही बळकट होतात, आणि चाळिशीनंतर त्याची किंमत कळते. हां, एक गोष्ट मात्र मुली कुणाला सांगत नाहीत: जड डेडलिफ्टला कधीकधी लघवीचे थेंब येतात. तुला होत असेल तर लपवू नकोस आणि 'चालायचंच' म्हणून सोडूनही देऊ नकोस. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी असते, फरक पडतो. आईला घेऊनच जा डॉक्टरांकडे. तिचे प्रश्न तिलाच विचारू देत, तुझ्यापेक्षा चांगले विचारेल.

आणि ती एखाद्या काकूंना सांगताना 'वेटलिफ्टिंग' म्हणाली तर दुरुस्त कर, पण रागावू नकोस. आपल्या जिल्ह्यात मनमाडच्या मुलींनी वेटलिफ्टिंगमध्ये एवढं नाव काढलंय की लोकांना दुसरं काही सुचतच नाही. त्या मुली बार डोक्यावर नेतात, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, तो ऑलिम्पिकमधला खेळ. आपला बार डोक्यावर जात नाही, आपला खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. पॅरालिम्पिकमध्ये पॉवरलिफ्टिंग आहे, पण तिथे फक्त बेंच.

सिंगलेट घालावाच लागतो, त्यातून सुटका नाही. रेफरीला खुबा आणि गुडघा दिसायला हवा, म्हणून तो अंगाबरोबर असतो. पण आत बाह्यांचा टी-शर्ट असतो, डेडलिफ्टला गुडघ्याखालपर्यंत लांब मोजे घालायचे असतात, आणि तुझं नाव पुकारेपर्यंत वरून ट्रॅकपँट-जॅकेट घालून बसायला कुणाची हरकत नाही. अंगावर सिंगलेट दिसणार तो प्रत्येक वेळी मिनिट-दोन मिनिटं, असे नऊ वेळा. घरी एकदा घालून आईसमोर चहा कर. पहिल्या दिवशी ती बघणार नाही, तिसऱ्या दिवशी म्हणेल, 'मागून शिवण उसवलीय बघ.' वजन घेताना बंद खोलीत महिला पदाधिकारीच असतात, हेही तिला सांग. त्याच वेळी तुझे ओपनर आणि रॅकची उंची लिहून घेतात. ही उंची आदल्या दिवशी जिममध्ये मोजून जाऊ नकोस, तिथल्याच रॅकवर बघ. दोन रॅकचे आकडे जुळत नाहीत.

वजन घ्यायला गट सुरू होण्याच्या दोन तास आधी सुरुवात होते, दीड तास चालतं. पण आपल्याकडे नऊ म्हणजे किती, हे तुला मी सांगायला नको. दिवसभराची तयारी ठेव. डब्यात दहीभात, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्यात मीठ-साखर-लिंबू. सकाळी सगळी गँग मिसळ खायला निघेल, तू जाऊ नकोस. तर्री पोटात घेऊन पोटाभोवती बेल्ट आवळला की काय होतं ते मी एकदा बघितलंय, आणि तो मुलगा स्टेजवरून थेट मागच्या दाराने गेला. मिसळ संध्याकाळी. तुझ्या गटात बारा जणी असतील तर दोन अटेम्प्टच्या मध्ये साधारण बारा मिनिटं मिळतात. तेवढ्यात झोपायचं नाही, उड्याही मारायच्या नाहीत. जॅकेट घालून बस.

पैसे भरायच्या आधी आयोजकांना तीन गोष्टी विचार: स्पर्धा कोणत्या संघटनेच्या नियमांनी आहे, क्लासिक (साध्या सिंगलेटमधली) आहे की इक्विप्ड (वजन उचलायला मदत करणाऱ्या खास घट्ट सूटमधली), आणि गुडघ्यावरच्या स्लीव्ह चालतात का. आपल्याकडे संघटना अनेक आहेत आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. क्लासिक असेल तर बेल्ट, मनगटाला गुंडाळायचे रिस्ट रॅप आणि स्लीव्ह एवढ्यावर भागतं, आणि पहिल्या स्पर्धेला स्लीव्ह नसल्या तरी काही अडत नाही. बेल्ट उसना घे, पण रुंदी दहा सेंटिमीटरच्या वर नको. जिममध्ये कुणी व्यायामाआधी घ्यायच्या प्री-वर्कआउट पावडरीचा डबा पुढे केला तर नको म्हण. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि उद्या वरच्या पातळीवर गेलीस, डोप टेस्ट झाली, तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

हसं होण्याचं राहिलं. स्टेजमागे जाशील तेव्हा कळेल, तिथे कुणाला कुणावर हसायला वेळ नसतो. जो तो आपला नंबर कधी येतो ते मोजत, मांडीला पावडर चोळत बसलेला असतो. माझ्या बॉम्ब आऊटच्या दिवशी माझ्यावर कुणीच हसलं नाही. एका मोठ्या ताईने फक्त विचारलं, "रॅक ऐकू नाही आलं का गं?" आणि स्वतःच्या डब्यातला अर्धा लाडू दिला.

आईला घेऊन जाच. पण समोरच्या रांगेत नको, बाजूला बसव, रेफरीच्या मागे. तिथूनच दिसतं तू खरी खाली गेलीस की नाही. आणि घरी आल्यावर ती ते सांगणारच आहे.